शंभर वर्षांपूर्वी मुंबई महापालिकेत कोणाचं चालायचं?
पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती, कर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही मुंबई महापालिकेच्या सभेत हेच विषय असायचे. १८८८ च्या कायद्यानुसार सभासद ७२. त्यातले निम्मे, म्हणजे ३६, वॉर्डांतून करदाते निवडायचे. बजेट मंजूर करायची सभा, खर्चावर लक्ष ठेवायची १२ जणांची स्थायी समिती. अंमलबजावणी मात्र सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. (आजही आयुक्त सरकारच नेमतं!)

चाळीत एकेका खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांना मत नव्हतं. १९२२ मध्ये महिना किमान १० रुपये भाडं भरणाऱ्यांना ते मिळालं. पण चाळीतल्या खोलीचं भाडं बहुतेकदा त्याहून कमी! त्यामुळे बरेच कामगार तेव्हाही बाहेरच राहिले. सर्व प्रौढांच्या मतांवर पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये.