लाल खडकावरचा वसंत

दिवाळीच्या अंकात वसंताची गोष्ट सांगणे कोणाला अवेळीचे वाटेल. अंगणात आकाशकंदील लटकला आहे, पहाटेच्या अभ्यंगाला थंडीची चाहूल लागली आहे, आणि हा लेखक फाल्गुन-चैत्राच्या वार्ता करू लागला, असे वाचक म्हणतील. पण जरा ओढ्याकाठी जाऊन पाहावे. करड्या-पांढऱ्या अंगाचा, शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी नेमका याच सुमारास आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेला असतो. पाणथळीच्या लव्हाळ्यांत गळ्याला निळा पट्टा असलेला एक चिमुकला पक्षीही लपतछपत वावरत असतो. आपला हिवाळा संपला की ही मंडळी उत्तरेकडे निघतात. आपल्याकडून निरोप घेणारा पक्षी दुसऱ्या कोणाच्या तरी दारी वसंत घेऊन जात असतो. जी आपली पाठवणी, तोच त्यांचा पाडवा.

या पाडव्याची नोंद सर्वांत चिकाटीने जेथे ठेवली गेली, अशा ठिकाणांत उत्तर समुद्रातील हेल्गोलांड या बेटाला मानाचे स्थान आहे. इंग्रज त्याला हेलिगोलंड म्हणत. जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, समुद्रातून एकाएकी वर आलेला हा तांबड्या दगडाचा चौथरा आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर. शेजारी वाळूचे एक छोटे बेट आहे. पूर्वी दोन्ही जोडलेली होती. १७२० साल संपता संपता आलेल्या वादळाने मधली पट्टी वाहून नेली. आज बेटावर तेराशेच्या आसपास माणसे राहतात. त्यांची फ्रिजियन वळणाची वेगळी बोली आहे आणि त्या बोलीत आपल्या बेटाला ती नुसते ‘भूमी’ म्हणतात. चहूकडे पाणीच पाणी असले म्हणजे एवढ्याशा खडकालाही ‘भूमी’ म्हणावेसे वाटते, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

अशा उघड्या खडकावर वसंताने यावे तरी कशावरून? येथे आमराई नाही, पळस नाही, मोहोर नाही. कड्यांच्या कपारींत वाढणारी रानकोबी मात्र आहे. आपण बाजारातून आणतो त्या कोबीच्या मूळ वंशातली ही वनस्पती वसंतात पिवळ्याधमक फुलांनी डवरते आणि तांबडा कडा हळदकुंकू वाहिल्यासारखा दिसू लागतो. पण बेटकऱ्यांचा खरा वसंत जमिनीतून उगवत नाही. तो रात्री आकाशातून उतरतो. आफ्रिका आणि दक्षिण युरोप येथे हिवाळा काढून उत्तरेकडे परतणाऱ्या पाखरांच्या वाटेवर हे बेट पडते. रात्रभर समुद्रावरून उडत आलेल्या जिवाला पहाटे खाली पाय टेकण्याजोगी ही एवढीच जागा. वारा फिरला, धुके पडले, पाऊस झिमझिमू लागला, की हजारो पक्षी एकदम उतरतात. रात्र स्वच्छ आणि वारा पाठीशी असला, तर तेच हजारो वरच्यावर निघून जातात आणि सकाळी बेट सुनेच राहते.

त्यांच्या येण्याला क्रम असतो. हिवाळा सरतो न सरतो तोच चंडोल आणि स्टार्लिंग दिसू लागतात. मार्चात कस्तूर येतात, धोबी येतात आणि लांब चोचीचा वुडकॉक येतो. एप्रिल-मेमध्ये किडे खाणाऱ्या नाजूक पाखरांची पाळी. निळ्या गळ्याचा तो चिमुकलाही याच सुमारास येतो. आपल्या ओढ्यावर हिवाळा काढणारे ते हेच पक्षी नव्हेत, आपले पाहुणे आशियातले. परंतु जात तीच. गावात कोण आले हे जसे वेशीवरच्या माणसाला आधी कळते, तसे उत्तर युरोपात वसंत आल्याचे या बेटाला आधी कळते.

बेटकऱ्यांना हे कळत होते, ते मात्र पोटासाठी. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना आकाशातून उतरणारे हे मांस देवाचे देणेच वाटे. वुडकॉक येण्याच्या दिवसांत जाळी आणि बंदुका सज्ज असत. परसात तोडलेल्या फांद्या रोवून कृत्रिम झुडपांची रांग करीत, तीवर जाळे पसरीत आणि थकलेले कस्तूर आडोसा समजून आत शिरले की त्यांना हाकून पकडीत. निर्दय वाटेल, पण ज्याला पाखरावर पोट भरायचे असते त्याची नजर तीक्ष्ण होते. कोणत्या वाऱ्याला कोणता पक्षी येणार, हे तिथल्या पोरासोरांनाही सांगता येई.

ही तोंडी विद्या कागदावर उतरवली ती एका चित्रकाराने. हाइनरिश गेट्के याचा जन्म १८१४ सालचा, प्रशियातील. १८३७ मध्ये तो समुद्राची चित्रे काढण्यासाठी हेल्गोलांडला आला. त्या वेळी बेट इंग्रजांचे होते. १८०७ मध्ये त्यांनी ते डेन्मार्ककडून घेतले होते. आला होता चित्रांसाठी, पण राहिला कायमचा. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले, इंग्रज गव्हर्नरच्या कचेरीत तो चिटणीस झाला, आणि फावल्या वेळात पाखरे टिपू लागला; आधी कुंचल्याने, मग बंदुकीने आणि अखेर लेखणीने. आज वारा कोठला, ढग कसे, कोण आले, किती आले, याची रोजनिशी त्याने सुमारे पन्नास वर्षे ठेवली. त्या एवढ्याशा खडकावर त्याने पक्ष्यांच्या जवळजवळ चारशे जाती नोंदल्या. काळोख्या रात्री दीपगृहाच्या झोतात चंडोल, स्टार्लिंग आणि कस्तूर हिमकणांसारखे भिरभिरतात, ते दृश्य त्याने वर्णिले. वसंतात अनुभवी नर आधी येतात आणि माद्या मागाहून, हेही त्याने रोजच्या पाहण्यातून दाखवून दिले. १८९१ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि चार वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले.

ग्रंथातले सगळेच काही टिकले नाही. तो निळ्या गळ्याचा पक्षी मधे कोठे दिसत नाही, म्हणजे आफ्रिकेतून निघून एका रात्रीत तो हेल्गोलांड गाठत असला पाहिजे, असा गेट्केने हिशेब मांडला आणि त्या इवल्या जिवाला वादळालाही मागे टाकील असा वेग बहाल केला. पुढच्या संशोधकांनी तो हिशेब नाकारला. पक्षी वाटेत थांबतात, खातात, विसावतात. फक्त मोजणाऱ्यांच्या नजरेला पडत नाहीत. गंमत अशी, की अनुमान कोसळले तरी नोंदी उभ्या राहिल्या. ज्याने तारीख, वारा आणि संख्या प्रामाणिकपणे लिहून ठेवली, त्याची चूकही पुढच्यांना उपयोगी पडते.

ग्रंथ येण्याआधीच, १८९० मध्ये, बेटाचा धनी बदलला होता. पूर्व आफ्रिकेतील हक्क आणि झांजिबार यांच्या वाटाघाटीत इंग्रजांनी हेल्गोलांड जर्मनीला देऊन टाकले. बेटावरच्या दोन हजार माणसांचे मत घेण्यात आले नाही. म्हातारा गेट्के मात्र तेथेच राहिला आणि १८९७ सालच्या पहिल्या दिवशी वारला. पुढे १९१० मध्ये ह्यूगो व्हायगोल्ड याने तेथे पक्षिनिरीक्षणाचे रीतसर केंद्र उभे केले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे कडे घालून त्याला सोडण्याची युक्ती डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये काढली होती. ती येथे चालू झाली. आणि पाखरे पकडायची कशी? तर बेटकऱ्यांच्या जुन्या परसातल्या सापळ्याने! झुडपांवर तारेच्या जाळीचे मोठे नरसाळे उभारले, त्याच्या निमुळत्या टोकाला पेटी बसवली. पूर्वी पाखरू जाळ्यातून तव्यावर जाई. आता ते कडे घालून पुन्हा आकाशात जाऊ लागले. ‘हेल्गोलांड सापळा’ या नावाने ही रचना जगभर पसरली.

येथे आपल्या ओळखीचे एक माणूस या गोष्टीत येते. मुंबईचे सलीम अली १९२९ मध्ये पक्षिशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे गेले होते. त्या मुक्कामात हेल्गोलांडच्या केंद्रावर त्यांनी कडी घालण्याचा अनुभव घेतला. १९३० मध्ये ते परतले, मनाजोगी नोकरी मिळेना, म्हणून अलिबागेजवळ किहीमला येऊन राहिले आणि तेथे सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास त्यांनी केला. १९५९ नंतर मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेने भारतात हजारो पक्ष्यांना कडी घातली, त्या कामाचे तेच धुरीण होते. म्हणजे उत्तर समुद्रातल्या लाल खडकावरची विद्या फार आडवळणाने का होईना, आपल्या किनाऱ्याला लागली.

याच खडकावर १९२५ च्या जूनमध्ये वसंताला कंटाळून पळालेला एक तरुणही आला होता. वेर्नर हायझेनबर्ग याला फुलांच्या परागांचा विलक्षण त्रास होई. चेहरा सुजे, डोळे उघडत ना. झाडे नाहीत, गवत थोडे, म्हणून त्याने हेल्गोलांड गाठले. श्वास मोकळा झाला आणि एका रात्री अणूच्या नव्या गणिताचा धागा त्याच्या हाती लागला. झोप येईना, तेव्हा तो एका सुळक्यावर चढून सूर्योदयाची वाट पाहत बसला. वय अवघे तेवीस. कोणाचा वसंत कशात असेल, काही सांगता येत नाही.

पण या बेटाच्या नशिबी शांतता नव्हती. जर्मनीने त्याचा आरमारी किल्ला केला होता. १८ एप्रिल १९४५ रोजी सुमारे हजार विमानांनी त्यावर बाँब टाकले. लोक खडकातल्या भुयारांत वाचले, पण घरे उरली नाहीत. सर्वांना बेट सोडावे लागले. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ या दिवशी, भुयारांतला दारूगोळा आणि तटबंदी नष्ट करण्यासाठी इंग्रजांनी सुमारे सहा हजार सातशे टनांचा स्फोट केला. तारखा पाहाव्यात: दोन्ही ऐन वसंतातल्या, पाखरे उतरण्याच्या. बेटाचे दक्षिण टोक ढासळले, पण बेट बुडाले नाही. पुढे काही वर्षे ते बाँबफेकीच्या सरावासाठी वापरले गेले. १९५० च्या डिसेंबरात दोन विद्यार्थ्यांनी तेथे उतरून निशाणे रोवली, बोभाटा झाला, आणि १ मार्च १९५२ रोजी बेट लोकांना परत मिळाले. पक्षिकेंद्र दरम्यान मुख्य भूमीवर विल्हेल्म्सहाफेनला हलले होते. १९५३ पासून बेटावरही काम पुन्हा सुरू झाले. परतणाऱ्यांना सगळीकडे खड्डेच खड्डे दिसले. वरच्या गावातले तुतीचे एक जुने झाड मात्र जळूनही मुळाशी जिवंत राहिले होते आणि ते पुन्हा फुटले. बेटकरी ते झाड आजही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

१९६० पासून सापळ्यांतल्या पकडीची नोंद ठरावीक पद्धतीने, वर्षानुवर्षे ठेवली गेली आहे. १९६२ पासून समुद्राचे पाणी नियमितपणे बादलीने काढून त्याची उष्णता आणि त्यातले सूक्ष्म जीव पाहिले जातात. हे काम कंटाळवाणे खरे. एका वर्षाच्या नोंदीला काही अर्थही नसतो. पण चाळीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा त्या बोलू लागल्या. १९६० ते २००० या काळात चोवीस जातींचा अभ्यास झाला आणि त्यांपैकी बहुतेकांचे वसंतातले आगमन अलीकडे आल्याचे दिसले. कोणाचे दोन-तीन दिवसांनी, कोणाचे दहा-अकरा. अटलांटिकवरच्या हवेच्या दाबामुळे ज्या वर्षी युरोपचा हिवाळा सौम्य, त्या वर्षी पाखरे लवकर, हाही मेळ बसला. समुद्राचे पाणी दीड अंशाहून अधिक तापले आहे.

दहा दिवस म्हणजे काय मोठेसे, असे कोणी विचारील. पण पिलांना लागणारे किडे आणि पिलांचे जन्म यांची गाठ पडली पाहिजे. आपला पाऊस दहा दिवस सरकला तर पेरणीचे काय होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. लांबच्या प्रवाशाला तर आफ्रिकेत बसून युरोपातला वसंत लवकर आला की नाही, हे कळायला मार्ग नाही.

अजूनही हिवाळा सरताना गिलेमॉट पक्षी त्या तांबड्या कड्यावर दाटीवाटीने परततात आणि जूनमध्ये त्यांची न उडणारी पिले आईबापांच्या हाकेसरशी उंचावरून खाली उडी घेतात. १९९१ पासून गॅनेट हा मोठा पांढरा समुद्रपक्षीही तेथे घरटी करू लागला. २०२२ मध्ये पक्ष्यांच्या साथीने त्यांचे फार हाल केले. नव्या पाहुण्याचे सुख आणि साथीचे दुःख, दोन्ही त्याच वहीत लिहिले गेले.

या बेटाचा राजा बदलला, निशाण बदलले, गाव उद्ध्वस्त होऊन पुन्हा वसले. ज्यांनी येथे वसंत मोजला, त्यांपैकी कोणालाही आपल्या हयातीत त्या मोजणीचा पुरता अर्थ कळला नाही. तो पुढच्या पिढीसाठी ठेवलेला ठेवा होता. आपल्या घरीही पहिला पाऊस, पहिली कैरी, पहिली कोकिळा यांच्या आठवणी निघतात आणि फराळाबरोबर संपतात. मुलांच्या हाती या दिवाळीत एक कोरी वही द्यावी आणि ओढ्यावरचा धोबी केव्हा आला, केव्हा गेला, एवढेच लिहायला सांगावे. वह्या पुढे उघडतील. आज तारीख लिहिली म्हणजे झाले.