टपालहशील कोणाच्या माथी?

टपालहशील भरल्याचे नकली लेबल लावलेले पार्सल अमेरिकेच्या टपालखात्याने पकडले तर त्याचे पुढे काय होते, हे ऑनलाइन खरेदी करणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते. जुलै २०२३ पासून असे पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जात नाही आणि घेणाऱ्याकडेही पोचत नाही. खाते ते बेवारस समजते आणि उघडून त्याची विल्हेवाट लावते. ग्राहकाने वस्तूचे पैसे मोजले, टपालखर्च मोजला, तरी माल गेला तो गेलाच. ज्याने एक पैसाही बुडवला नाही त्याच्यावर हा भुर्दंड का पडावा? टपाल तिकिटाचा जन्मच मुळी घेणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवण्यासाठी झाला होता, हे ध्यानात घेतले की हा अन्याय अधिकच खुपतो.

१८४० पूर्वीच्या ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणारा देई. अंतर किती आणि कागद किती, यावर आकारणी ठरे. गरिबाच्या दारात पत्र आले की आनंदाआधी धास्ती येई. कवी कोलरिज यांची एक आठवण त्या काळी प्रसिद्ध होती. एका बाईने शिलिंग नाही म्हणून भावाचे पत्र परत केले. कोलरिज यांनी कळवळून पैसे भरले, तर आत कोरा कागद निघाला. भावाबहिणीचे ठरलेले होते: कोरे पत्र आले म्हणजे भाऊ खुशाल आहे. एरवी निरोप पोचे आणि टपालखात्याची मेहनत फुकट जाई. घेणाऱ्याकडून वसुली करायची तर अशी पळवाट राहणारच.

रोलंड हिल यांनी १८३७ साली याच दुखण्यावर बोट ठेवले. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका येतो, असा हिशेब त्यांनी मांडला. खर्च वाढत होता तो प्रत्येक पत्राची आकारणी करण्यात आणि दारोदारी पैसे गोळा करण्यात. उपाय सोपा होता. सगळीकडे एकच दर आणि पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे. ६ मे १८४० पासून काळे पेनी तिकीट चलनात आले. तिकीट न लावता पत्र टाकले तर घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे घेतले जात. हेतू दंडाचा होता, पण दंड बसे तो चुकवणाऱ्याला सोडून दुसऱ्यालाच. या व्यवस्थेतली ही खोट तेव्हापासूनची आहे.

तिकीट म्हणजे पैशाची पावती आणि पावतीची नक्कल होणार, हेही पहिल्याच दिवशी गृहीत धरले होते. राणीचा चेहरा निवडला तो ओळखीच्या चेहऱ्यातला केसभर फरकही डोळ्याला जाणवतो म्हणून. कागदात मुकुटाचे जलचिन्ह होते. ताव २४० तिकिटांचा, वीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यांत अक्षरांची वेगळी जोडी छापलेली असे, म्हणजे एकाच तिकिटाच्या नकला काढल्या तर जोडी सारखी येऊन चोरी उघडी पडावी. लाल शाईचा शिक्का धुऊन लोक तिकीट पुन्हा वापरू शकतील म्हणून १८४१ मध्ये तिकीट लाल केले आणि शिक्का काळा.

एवढे करूनही नक्कल झालीच. १८७२ च्या सुमारास लंडन स्टॉक एक्स्चेंजच्या तारघरात हिरवी शिलिंगची बनावट तिकिटे तारांच्या फॉर्मांवर लावली जात होती. तिकीट फॉर्मवर चिकटायचे, शिक्का बसायचा आणि फॉर्म दप्तरात जायचा. गिऱ्हाइकाने दिलेली रोकड मात्र आतल्याच कोणाच्या तरी खिशात जात असावी. हा प्रकार उजेडात आला तो थेट १८९८ मध्ये, जुन्या फॉर्मांवरची तिकिटे संग्राहकांच्या बाजारात आल्यावर. काही तिकिटांवर अक्षरांच्या अशा जोड्या होत्या, ज्या खऱ्या तावात असूच शकत नव्हत्या. इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. तिजोरीचे नुकसान झाले, पण एकाही गिऱ्हाइकाची तार अडली नाही.

आपल्याकडे १८३७ च्या कायद्यानंतर मुंबईहून कलकत्त्याला तोळाभर वजनाचे पत्र धाडायला रुपया पडे. १८५४ च्या कायद्याने पाव तोळ्याला अर्धा आणा असा देशभर एकच दर आणला. तिकीट न लावलेल्या पत्रावर दुप्पट आकार आला आणि मराठी घरांत ‘नॉटपेड’ हा शब्द रुळला. नॉटपेड पत्र घ्यावे की परत पाठवावे, हा प्रश्न दारात पोस्टमन उभा असतानाच सोडवावा लागे. गोव्यातल्या पोर्तुगीज टपालाने तर १९०४ साली अशा वसुलीसाठी खास वेगळी तिकिटेच काढली. याच काळात पुस्तकांच्या जाहिरातींत ‘टपालहशील निराळे’ असे छापून येई आणि पुस्तक व्हीपीने, म्हणजे दारात पैसे मोजून घ्यायच्या टपालाने, घरी येई. पैसे व्हीपीतही घेणाराच देतो, पण मागणी त्याची असते आणि कबुलीही त्याचीच. नॉटपेड पाकिटात त्याला कोणी विचारलेलेच नसते.

विसाव्या शतकात तिकिटाचा कागद हळूहळू मागे पडला. १९२० साली अमेरिकेने आर्थर पिटनी यांच्या टपाल-मीटरला मान्यता दिली आणि कचेऱ्यांतली पाकिटे यंत्राच्या छापाने निघू लागली. १९९९ मध्ये घरच्या संगणकावर टपालहशील भरून लेबल छापायची परवानगी मिळाली. आज ऑनलाइन दुकानांची असंख्य पार्सले अशाच लेबलांवर जातात. राणीच्या चेहऱ्याचे काम आता बारकोड करतो. पण राणीचा चेहरा कोरायला कसबी हात लागे, लेबलाची नक्कल काढायला संगणक आणि साधा प्रिंटर पुरतो. कोणी जुने लेबल फेरफार करून पुन्हा छापतो, कोणी खोटाच बारकोड रचतो आणि ही लेबले अर्ध्या किमतीत विकली जातात. अशी लेबले विकत घेणाऱ्यांत सराईत भामटे असतात, तसे स्वस्ताला भुललेले लहान विक्रेतेही असतात.

ही चोरी किती मोठी असू शकते हे कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात दिसले. चीनमधल्या व्यापाऱ्यांचा माल अमेरिकेत पोचवणाऱ्या दोघांनी २०२० ते २०२३ या काळात ३ कोटी ४० लाखांहून अधिक पार्सले नकली लेबलांवर धाडली. टपालखात्याचे नुकसान १५ कोटी डॉलरच्या वर गेले. अशा चोरीपुढे खात्याने कडक व्हावे यात गैर काहीच नाही. प्रश्न कडकपणाची धार कोणाकडे वळते हा आहे. स्टॉक एक्स्चेंजच्या तारा अडल्या नाहीत, कारण खोटेपणा पंचवीस वर्षांनी उघड झाला. आजची यंत्रे तो वाटेतच पकडतात आणि म्हणून पार्सलच अडकते. चोर पकडण्याची युक्ती जितकी तल्लख झाली, तितका तिचा मार घेणाऱ्याला अधिक बसू लागला.

ब्रिटनलाही हाच अनुभव आला. रॉयल मेलने २०२२ मध्ये रोजच्या वापराच्या तिकिटांवर बारकोड आणला. नंतर यंत्राने तिकीट नकली ठरवले की पत्र घेणाऱ्याकडे पाच पौंड मागितले जाऊ लागले. आपण दुकानातूनच तिकिटे घेतली होती, असे पाठवणारे सांगत होते. बोभाटा झाला आणि २०२४ मध्ये घेणाऱ्यांकडून ही वसुली थांबवून शक्य तिथे पाठवणाऱ्याला गाठायचे ठरले. पैसे पाठवणाऱ्याने भरायचे, हे जे तत्त्व १८४० मध्ये अमलात आले होते त्याकडे ब्रिटनला पुन्हा यावे लागले.

ते तत्त्व पाळणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. अमेरिकी टपालखातेच २०१७ पासून मान्यताप्राप्त सेवांवरून छापलेल्या लेबलांची पार्सले वाटेतच यंत्राने मोजते, तोलते आणि पैसे कमी पडले असतील तर फरक पाठवणाऱ्याच्या खात्यातून वळता करून घेते. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नकली लेबलामागे असे खाते नसते हे खरे. पण विक्रेत्याचे नाव ज्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर असते तिला तो माहीत असतो, त्याचे पैसे तिच्याच हातून जातात. टपालखात्याने अडवलेल्या पार्सलाचा हिशेब तिच्याकडे मागावा, तिने तो विक्रेत्याकडून वसूल करावा आणि ग्राहकाला त्याचे पैसे न मागता परत मिळावेत. तोवर ग्राहकाने अडलेल्या पार्सलाची तक्रार आधी विक्रेत्याकडे आणि मग कार्ड देणाऱ्या बँकेकडे नेटाने न्यावी, कारण माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. आणि घरून धंदा करणाऱ्यांनी अर्ध्या किमतीच्या लेबलाच्या वाटेला जाऊ नये. त्यातून वाचलेले पैसे शेवटी त्यांच्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात.