बैलाच्या कातड्याएवढी भूमि

अंधेरी-बोरिवलीच्या गृहस्थास पहाटे निघून दिवेलागणीनंतर घरीं परतण्याच्या बेतानें एक जुनें संस्थान पाहून येतां येतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. बोरिवलीस डहाणूची लोकल धरावी—ही सोय २०१३ सालीं झाली—व पालघरास उतरावें. तेथून मनोर, विक्रमगड या मार्गानें एस्. टी. घाट चढूं लागते, आणि सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर वसलेलें जव्हार येतें.

बहुतेकांची सहल जयविलास राजवाड्यापाशीं आरंभते व तेथेंच संपते. पाश्चात्त्य धर्तीची ती दगडी वास्तु, भोंवतालची दाट झाडी आणि खालीं पसरलेल्या दऱ्या पाहून मन प्रसन्न होतें यांत शंका नाहीं. परंतु खरें नवल वाड्याचें नव्हे, वाड्याच्या धन्यांचें आहे. हें मुकणे घराणें महादेव कोळ्यांचें. सह्याद्रीच्या रानांतील एका आदिवासी कुळानें येथें सहाशें वर्षें गादी चालविली.

या राज्याच्या जन्माची कथा मोठी चमत्कारिक आहे. मूळ पुरुष जायबा मुकणे यानें येथील वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यांत मावेल एवढीच भूमि मागितली. नायकानें हंसत रुकार दिला. जायबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडल्या, आणि सारें जव्हार त्यांनीं वेढून घेतलें! आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज वसविणाऱ्या दीदो राणीविषयींहि हीच कथा सांगतात. तेव्हां तिला इतिहास म्हणतां यावयाचें नाहीं. पण भूमि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं कशी जाते, याची आठवण तींत निश्चित आहे.

पुढील वृत्तांत अधिक पक्का आहे. १३४३ त जायबाचा पुत्र नेमशाह यास दिल्लीच्या सुलतानानें राजा म्हणून मान्यता दिली. १६६४ त सुरतेच्या वाटेवर शिवाजीमहाराजांनीं शिरपामाळावर मुक्काम केला व राजा विक्रमशाहानें त्यांचें स्वागत केलें, अशी परंपरा आहे. हा स्नेह मात्र टिकला नाहीं. १६७२ त मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें. पेशवाईंत राज्याचा संकोच होत गेला, इंग्रजी अमलांत तें लहानसें संस्थान म्हणून उरलें, आणि १९४८ त मुंबई प्रांतांत विलीन झालें.

राजा गेला, पण त्या वारली नायकाचे वंशज म्हणावेत असे लोक त्याच डोंगरउतारांवर नाचणी-वरई पिकवीत राहिले. याच तालुक्यांतील वावर-वांगणी हीं नांवें १९९२ त सर्वत्र झालीं, तीं कुपोषणानें दगावलेल्या बालकांमुळें. कसलेल्या वनजमिनीवरील हक्क मागण्याची कायदेशीर वाट त्यांना २००६ च्या वनहक्क कायद्यानें मिळाली. दिवाळी सरली कीं येथील कितीतरी कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात.

म्हणून परतीच्या गाडींत बसलेल्या उपनगरवासीयानें राजवाड्याबरोबर ती कातड्याची कथाहि घरीं न्यावी. ज्यांच्या पूर्वजांची भूमि त्या वाद्यांच्या आंत गेली, त्यांच्या हातच्या विटा त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतींतहि असूं शकतील.