न मळलेला आलूपाव

पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की भामरागडचा रस्ता तुटतो. आलापल्लीकडून येणारी गाडी अलीकडे हेमलकशाच्या बाजूला उभी राहते आणि तिच्यातला पावही तिथेच अडकतो. दरवर्षी पावसाळ्यात हे ठरलेलंच. 2019 साली तर पाणी थेट बाजारपेठेत आणि घरांत शिरलं होतं. 1973 मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला त्या काळी वर्षातले कितीतरी महिने हा सगळा मुलूखच तुटलेला असायचा, असं जुनी माणसं सांगतात. त्या मानानं आमचे दिवस सोपे.

अशा दिवसांत दुकानात जे उरलेलं असतं त्यात मैदा असतो, मीठ असतं आणि गोणीच्या तळाशी आलू असतात. त्या तिघांतून मी पाव करायला शिकले. यीस्टचं पाकीट तेवढं पावसाळ्याआधी आणून ठेवते. या पावाला मळावं लागत नाही. रात्री कालवायचा, सकाळी भाजायचा. करता करता मनात यायला लागलं, की या टोपल्यात आलंय कोण कुठून? म्हणून ही कुळकथा.

आधी आलू. पुण्या-मुंबईकडे याला बटाटा म्हणतात, आमच्याकडे विदर्भात आलू. नागपूरला बटाटावडा नसतो, आलूबोंडा असतो. दोन्ही नावं खरं तर दुसऱ्याच कंदांची. ‘बटाटा’ पोर्तुगिजांनी आणला. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा, आणि ते लोक रताळ्याला तसं म्हणत. खऱ्या बटाट्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव ‘पापा’. युरोपात येता येता रताळ्याचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. ‘आलू’ही असाच. संस्कृतात आलु-आलुक हे शब्द आधीपासून होते, ते इथल्याच कंदांसाठी. नवा कंद आला, त्याला घरातलं जुनं नाव मिळालं. मला हे दुसरं नाव जास्त आवडतं, कारण आम्ही कंदांच्याच मुलखात राहतो. जंगलातला कडू कंद कापून, उकडून, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, कडूपणा गेला की खायचा, ही विद्या मध्य भारतातल्या जंगलात किती जुनी आहे कोण जाणे. त्या कंदांपुढे आलू म्हणजे फार गरीब स्वभावाचा. उकडला की झाला.

आलू पिठात कालवण्याची युक्ती युरोपात भुकेनं शिकवली. फ्रान्समध्ये 1748 साली आलू लावायलाच बंदी घातली होती. त्यानं महारोग होतो असा समज होता. आंत्वान पार्मांतिये नावाचा औषधी जाणणारा माणूस सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला, तिथे त्याला आलूच खायला मिळाले आणि तो धडधाकट परत आला. पुढे त्यानं आलूच्या बाजूनं जन्मभर लढा दिला. 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यांनी आलू खाण्याजोगा ठरवला आणि 1779 मध्ये पार्मांतियेनं पिठाशिवाय निव्वळ आलूचा पाव कसा करावा यावर पुस्तिका काढली. तो पाव काही लोकांत रुजला नाही. रुजला तो पिठात थोडा आलू घातलेला पाव. पहिल्या महायुद्धात जर्मनीनं तर सरकारी हुकमानं पावात आलू घालायला लावला. लोकांनी तो नाइलाजानं खाल्ला, म्हणून आलूपावाला गरिबीचा शिक्का बसला. माझ्या मते हा अन्याय आहे. आलू घातलेला पाव साध्या पावाहून चवीला उजवा असतो आणि तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

त्याचं कारण साधं आहे. कच्च्या पिठातला स्टार्च थंड पाणी फारसं पीत नाही. उकडलेल्या आलूतला स्टार्च आधीच फुगून पाणी धरून बसलेला असतो, आणि ते पाणी तो भट्टीतही सहज सोडत नाही. शिवाय शिजलेल्या स्टार्चची साखर लवकर होते, ती यीस्टचं खाणं. म्हणून आलूचं उकडलेलं पाणीसुद्धा फेकू नये. पूर्वी युरोप-अमेरिकेतल्या बाया त्या पाण्यातच घरचं आंबवण धरत.

आता पाव. शब्द पोर्तुगीज, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या लहानपणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी दुसरीच व्युत्पत्ती सांगितली होती: पायानं तुडवतात म्हणून पाव. ती खोटी असली तरी तिच्यामागची किळस खरी होती. मोठ्या बेकरीत मणभर पीठ मळायला हात पुरत नसत, पायांनी तुडवत, अशा गोष्टी घरोघर होत्या. त्यात भर बाटण्याची. विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जात. पाव मराठी घरात इतक्या उशिरा आला त्यामागे या दोन भीती होत्या. मळणं हीच ज्या पदार्थाची बदनामी, तो न मळताच होतो हे कळलं असतं तर आमच्या आजीनं पाव पन्नास वर्षं आधी खाल्ला असता.

गोव्याच्या पावाची एक गोष्ट मला भामरागडला बसून जास्त कळते. पोर्तुगिजांना गोव्यात गव्हाचं पीठ मिळालं, पण पीठ फुगवायला युरोपातलं आंबवण नव्हतं. मग माडाची सूर वापरली गेली. झाडावरून उतरलेला गोड रस काही तासांतच फसफसू लागतो, कारण त्यात हवेतलं, भांड्यातलं यीस्ट शिरलेलं असतं. पोदेरांनी, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्यांनी, कित्येक पिढ्या त्या सुरेवर पाव फुगवला. आमच्या जंगलात माड नाही, पण गोरगा आहे. कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात आणि इंद्रावती नदीपलीकडे बस्तरात सल्फी, तेच हे झाड. इथल्या माडिया आदिवासींच्या गावांत त्याच्या ताडीला मोठा मान. त्या मडक्यात फसफसतं तेही यीस्टच, बहुतेक तर पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच भावंड. म्हणजे पावाला लागणारी एक निम्मी गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या झाडाला लटकलेली होती. दुसरी निम्मी, गहू, ती मात्र नव्हती. हा भाताचा मुलूख. इथे पेज आणि भात, गहू आला तो दुकानातून आणि रेशनमधून. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, ते आंबताना उठणारा वायू धरून ठेवू शकत नाही, म्हणून ताडी असूनही पाव जन्मला नाही.

ग्लुटेन म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची जाळी. मळून मळून ती तयार होते असं आपण मानतो. खरं म्हणजे पाणी मिळालं की ती प्रथिनं आपली आपण एकमेकांना धरू लागतात. मळल्यानं ते काम लवकर होतं एवढंच. पीठ सैल असेल आणि रात्रभराचा वेळ असेल तर हात लावायची गरज उरत नाही. आत आंबताना उठणारे बुडबुडेच पीठ हळूहळू ताणत राहतात. इंग्लंडमध्ये डोरिस ग्रँट या बाईंना हे चुकून कळलं. कोंड्यासकट पिठाचा पाव करायला शिकत असताना त्या मळायचंच विसरल्या आणि पाव चांगला झाला. 1944 च्या त्यांच्या पुस्तकातून तो ‘ग्रँट लोफ’ युद्धकाळातल्या घराघरांत गेला. पुढे 2006 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या जिम लेही या बेकरीवाल्याची कृती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली: चिमूटभर यीस्ट, सैल पीठ, 12 ते 18 तास विसावा, आणि झाकणाच्या तापलेल्या जड भांड्यात भाजणं. बंद भांड्यात पावाचीच वाफ कोंडते आणि वरचं कवच कुरकुरीत होतं. भट्टी नसलेल्या माणसाला ही कृती म्हणजे वरदान.

माझं माप असं. 400 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम उकडून कुस्करलेला आलू, एक चमचा मीठ, पाव चमचा यीस्ट, आणि आलूचं गार झालेलं पाणी साधारण एक पेला, म्हणजे 240 मिली. आलू कोमट होईस्तोवर थांबायचं, गरम आलूनं यीस्ट मरतं. चमच्यानं कालवायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की पुरे. ओलं, चिकट, बेढब दिसतं. पहिल्यांदा करणारा हमखास घाबरतो आणि वर मैदा टाकतो. टाकू नका. झाकून ठेवा. पावसाळ्यात रात्रभर पुरतं. आमच्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच पीठ वर येतं, जास्त ठेवलं तर आंबट होतं. सकाळी झाकण काढलं की वरती बुडबुड्यांची चाळणी झालेली असते आणि ताज्या ताडीसारखा हलका वास येतो. ओल्या हातानं कडा उचलून मध्ये दुमडायच्या, चार वेळा, आणि तासभर परत झाकायचं.

भाजायला मी जाड बुडाचं पातेलं घेते. ते चुलीवर रिकामंच चांगलं तापवायचं. तळाशी पळसाची पानं, त्यावर पीठ, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालचा जाळ ओढून घ्यायचा, खाली निखारेच हवेत. पाऊण तास. मधे पानांचा करपट वास सुटतो तेव्हा भिऊ नये. पाव करपला तर वास गोड नसतो. बाहेर काढून तळाशी बोटानं टकटक करायची, पोकळ आवाज आला की झाला. पानाच्या शिरा पावाच्या बुडावर उमटलेल्या असतात. आणि गार होईपर्यंत कापायचा नाही, ही या कृतीतली सगळ्यात अवघड पायरी.

ती पानं मी कुणाच्या पुस्तकातून घेतली नाहीत. विदर्भात पानगे पळसाच्या पानातच भाजतात. कोकणातली पानगी केळीच्या पानावर, आणि तिचं पीठ कधीच मळत नाहीत, सरसरीत कालवतात. सगळ्यात जवळची नातेवाईक मात्र इंद्रावतीच्या पलीकडे आहे. छत्तीसगडात अंगाकर रोटी करतात: तांदळाच्या पिठात उरलेला भात कुस्करायचा, मीठ घालायचं, जाड थापून पानांत मिटायची आणि अंगारावर भाजायची. अंगारावरची म्हणून अंगाकर. पिठात शिजलेला स्टार्च कालवला की भाकर मऊ राहते, हे पार्मांतियेच्या देशाला दुष्काळानं शिकवलं. इथे ते रात्रीच्या उरल्या भातानं शिकवलं. माझ्या पातेल्यातल्या पावाचा मैदा परका, आलू परका, नाव परकं. शिजवलेलं कालवणं, पान आणि निखारा हे तिन्ही मात्र या मातीतले, आणि पाव चांगला होतो तो त्यांच्यामुळे.

म्हणून पुराच्या दिवसांत दुकानातले आलूही संपले तर थांबू नका. त्याच मापानं एक मोठी वाटी शिळा मऊ भात कुस्करून घाला आणि पाणी थोडं हात राखून ओता. अमेरिकेत कॅरोलिनाच्या भातशेतीच्या भागातही पूर्वी असाच भात घालून पाव करत. मी दोनदा केला आहे. तो आलूपावाइतकाच मऊ होतो.