डोळा फसतो की निवाडा?

उर्दूत ‘फरेब-ए-नजर’ असा शब्द आहे. नजरेला दिलेला धोका. चित्रकलेत या नावाला शोभेल असा एक प्रकार आहे. सपाट फळीवर किंवा भिंतीवर वस्तू अशी रंगवायची की पाहणाऱ्याने ती उचलायला हात पुढे करावा. फ्रेंचांनी पुढे त्याला ‘त्रोंप लॉय’ म्हटले, म्हणजे डोळ्याला फसवणारे. पण या कलेचा फार मोठा इतिहास इटलीत घडला, आणि त्या इतिहासाशी बसऱ्यात जन्मलेल्या एका विद्वानाचाही संबंध येतो.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातील एक भित्तिचित्र आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात पीच फळे आहेत आणि शेजारी पाण्याने अर्धी भरलेली काचेची बरणी. त्याच उद्रेकात मरण पावलेल्या प्लिनीने दोन ग्रीक चित्रकारांची गोष्ट लिहून ठेवली आहे. झ्यूक्सिसने रंगवलेल्या द्राक्षांवर पक्षी झेपावले. मग पारहासियसच्या चित्रावरचा पडदा बाजूला करा, असे झ्यूक्सिस म्हणाला, तर तो पडदाच चित्र निघाला. पहिल्याने पक्ष्यांना फसवले, दुसऱ्याने चित्रकाराला.

मध्ययुगात ही कला मागे पडली. चौदाव्या शतकात फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये ताद्देओ गाद्दीने भिंतीत खोटे कोनाडे रंगवले आणि त्यांत उपासनेची भांडी ठेवलेली दाखवली. पंधराव्या शतकात उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याने आपल्या अभ्यासिकेच्या भिंतींवर अर्धवट उघडी कपाटे, पुस्तके आणि वाद्ये करवून घेतली. त्यात रंग नाही; वेगवेगळ्या छटांच्या लाकडाचे तुकडे एकमेकांत बसवले आहेत. गुब्बियो येथील त्याची दुसरी अशीच अभ्यासिका आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १५०४ मध्ये व्हेनिसच्या याकोपो दे बार्बारीने भिंतीला टांगलेला मेलेला तित्तिर, लोखंडी हातमोजे आणि एक बाण रंगवला. खाली सहीची चिठ्ठी आहे. तिच्या घड्या दिसतात, पण ती कागद नाही, रंगच आहे.

आता बसऱ्याकडे येऊ. इब्न अल-हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) यांनी कैरोत ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. तिसरा भाग तर दृष्टीच्या चुकांवरच आहे. अंतर, आकार, खोली या गोष्टी नुसत्या डोळ्याने कळत नाहीत. मन जुन्या अनुभवावरून त्यांचा निवाडा करते आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते, असे त्यांचे म्हणणे. या ग्रंथाचा लॅटिन आणि नंतर चौदाव्या शतकात इटालियन अनुवाद झाला. फ्लोरेन्सचा शिल्पकार गिबेर्ती याने आपल्या लेखनात त्याचा भरपूर आधार घेतला.

याचा अर्थ सारे श्रेय अरबांचे, असा नाही. सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याचे तंत्र ब्रुनेलेस्कीने करून दाखवले आणि आल्बर्तीने १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडले. ते इटलीचेच कर्तृत्व. पण दृष्टीविषयी युरोपात जी चर्चा चालू होती, तिच्या पायाशी हा अरबी ग्रंथ होता. ज्ञानाची देवघेव अशीच होते. ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ अशी वाटणी करायला गेलो की इतिहास अर्धाच उरतो.

सतराव्या शतकात बेर्गामोचा एव्हारिस्तो बास्केनिस हा धर्मगुरू चित्रकार वाद्यांची चित्रे काढू लागला. त्याच्या पालथ्या ल्यूटवर धूळ बसलेली असते आणि त्या धुळीत बोटांचे ठसे! ते पुसायला आपला हात शिवशिवतो. हे ल्यूट, इटालियन ‘लिउतो’, नावासकट अरबी ‘अल-ऊद’वरून आलेले. शब्दही प्रवास करतात.

आज मोबाइलवर रोज बनावट छायाचित्रे येतात आणि त्यांवरून शेजाऱ्यांत भांडणे लागतात. फसवणूक दोन्हीकडे आहे, मग फरक कोणता? इटलीतले चित्र जवळ येऊ देते. दोन पावले बाजूला सरका, उर्बिनोचे उघडे कपाट पुन्हा लाकडाची सपाट भिंत होते. फसलो हे कळल्यावरच तिथे खरा आनंद असतो. बनावट छायाचित्राला मात्र तुम्ही थांबलेले, निरखलेले नको असते. पाहिले की पुढे पाठवा, एवढेच हवे असते. म्हणून मुलांना गणित-भाषेसोबत चित्र पाहायलाही शिकवले पाहिजे: कोठून पाहतो आहोत, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, सावली जुळते का. डोळ्याने साक्ष द्यावी. निवाड्याची घाई करू नये.