चाल जुनी, गाणे नवे

२ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला इथिओपियात हेले सेलासीचा राज्याभिषेक झाला आणि अटलांटिकपलीकडच्या जमैकात गुलामांच्या वंशजांना त्यात आपल्या मुक्तीची खूण दिसली. तिथे रास्ताफारी पंथ उभा राहिला आणि पुढे त्याच्याच विचारावर रुट्स रेगे हे संगीत वाढले. इकडे गोदाकाठच्या गावांतून आंबेडकरी जलसा फिरू लागला आणि त्यातून भीमगीत वाढले. ही दोन घराणी एकमेकांना ओळखत नव्हती, तरी दोघांचे तंत्र एक आहे. लोकांच्या कानात बसलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर आपला शब्द चढवायचा.

आपल्याकडे या तंत्राचे मूळ तमाशात आहे. तमाशाचा साचा सत्यशोधकांनी उचलला, त्यांचा जलसा आंबेडकरी शाहिरांनी पुढे नेला. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक त्यांत अग्रणी. ढोलकी, तुणतुणे आणि गणाची सुरावट ओळखीची राहिली. वगातले राजा-राणी मात्र गेले आणि त्यांच्या जागी शाळा, पाणवठा, मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार असे विषय आले. श्रोत्यांपैकी बहुतेकांना पत्रक वाचता येत नव्हते. चाल मात्र पहिल्या ओळीलाच ओळखू येई आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत धृपद सगळ्यांच्या तोंडी बसे. कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिले, म्हणून त्या फडांची हकीकत आज आपल्या हाती आहे.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक जन्मले. मुंबईला कष्टाची कामे करायला गेले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. तिथे देहलवी मास्तरांकडून ते वाचायला शिकले. त्यांचे पहिले गाणे १९४३ चे, एका हिंदी गाण्याचे विडंबन. नंतर हजारो गीते लिहिणाऱ्या या महाकवीची सुरुवातही अशी दुसऱ्याच्या चालीवर झाली, हे मला फार मोलाचे वाटते. ग्रामोफोन आणि बोलपटाने चाली गावोगाव नेऊन ठेवल्या होत्या. वामनदादांनी त्यांना बुद्ध, भीम आणि कष्टकऱ्याचे जगणे दिले.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. हार्मोनियम, तबला-ढोलक, बेंजो आणि कोरस घेऊन कव्वालीचे सामने रात्रभर रंगू लागले. त्यातूनच प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे गळे आधी तबकड्यांवर आणि नंतर कॅसेटवर घरोघर पोहोचले. १९८० च्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला पुस्तकांच्या शेजारी तिचाही ढीग लागे. २००४ साली मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे.

जमैकात या तंत्राला ‘व्हर्जन’ म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवूड या साउंड सिस्टिमवाल्याच्या हाती एका गाण्याची गायकाचा आवाज नसलेली तबकडी आली. ती लावताच जमाव स्वतः गाऊ लागला. मग तबकडीच्या पाठीवर नुसते वाजप द्यायची रीत पडली आणि त्यावर यू-रॉयसारखे लोक माइक धरून आपले बोल टाकू लागले. विजेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने त्याच वाजपाची मोडतोड केली. आवाज मध्येच तोडला, बास आणि ढोल पुढे आणले, प्रतिध्वनी लांबवला. हा डब. साउंड सिस्टिमसाठी कापलेल्या त्या मऊ ॲसिटेट तबकड्या मोजक्या वेळा वाजवल्या की झिजत, म्हणून त्यांवरचे पुष्कळ संगीत दुर्मिळ झाले. १९९३ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेल्या ‘ब्लड अँड फायर’सारख्या कंपन्यांनी जुन्या टेप मिळवून त्यांचे संच काढले, तेव्हा गायक, वादक, स्टुडिओ, निर्माता आणि मूळ वाजप कोणते याची नोंदही शक्य तितकी केली.

या नोंदीची आपल्याला गरज आहे. वामनदादांची गीते पुस्तकांत आहेत. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रह मिळतात. पण कागदावर निम्मेच गाणे उतरते. कोणत्या चालीवर, कोणाच्या गळ्यात, कोणत्या कोरसासह ते गायले गेले, हे टेपवर राहते, आणि टेप नाशवंत आहे. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते, दाबपट्टीचा स्पंज गळतो, इनले कार्ड हरवले की गायकाचे नावही हरवते. साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला साठ मिनिटे बसावेच लागते. त्याला जवळची वाट नाही.

असे काम महाराष्ट्रात झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या, आणि ‘परी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने २०१७ पासून त्या गायिकेच्या आणि गावाच्या नावासह लोकांपुढे ठेवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

भीमगीताच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचा असाच संच नाशकात व्हायला हवा, कारण दोन्ही कर्डक याच जिल्ह्याचे. ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी आधी प्रत्येकीवर गायक, गीतकार, गाव, साल आणि मूळ चाल लिहून ठेवावी. मूळ चाल ओळखणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांना विचारायचे काम यंत्र मिळेपर्यंत थांबवू नये.