झाडाची मुखत्यारी



मुंब्र्याकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणकडून येणारा रस्ता जेथे मिळतात, तो शीळफाटा. या बाजूला रस्ते रुंद झाले, इमारती उठल्या आणि झाडांची निगा राखणे हाही एक धंदा होऊन बसला. वाळक्या फांद्या उतरवायच्या, वाळवी आवरायची, झुकलेल्या झाडाला आधार द्यायचा. करवती नि दोर घेऊन माणसे येतात. पण झाडाचा मालक पुष्कळदा दुसऱ्याच गावी असतो. मग अर्जावर सही कोणी करायची? फांदीला हात लावा, असे सांगायचे कोणी? अशा वेळी मुखत्यारपत्र पुढे येते. कागद साधा दिसतो, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

‘मुखत्यार’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. निवडलेला, ज्याच्या हाती निवड सोपवली तो, असा त्याचा अर्थ. ‘वकील’ शब्दाची गोष्टही तशीच. कोर्टात काळा डगला घालून उभा राहतो तेवढाच वकील, असे पूर्वी नव्हते. दुसऱ्याच्या वतीने बोलतो तो वकील. १७८४ साली दिल्लीचा बादशाह शाह आलम याने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि पेशव्यांचे नायब म्हणून कारभार महादजी शिंद्यांनी पाहिला. साऱ्या बादशाहीची कुलमुखत्यारीच म्हणा ना! तरीदेखील तख्तावर नाव बादशाहाचेच राहिले. कारभार हाती येणे वेगळे आणि मालक होणे वेगळे.

आता झाडाकडे वळू. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली. मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीकाठचा. गलबते बांधायची म्हणजे लाकूड आले, आणि लाकूड आले म्हणजे रयतेच्या झाडांवर नजर जाणारच. याविषयीचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो. शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावे, की हा मजकूर पुष्कळदा महाराजांचे पत्र म्हणून ऐकवला जातो. पण हा ग्रंथ अमात्यांनी महाराजांच्या मागे, १७१५ च्या सुमारास लिहिला. त्यात राज्यकारभाराचे जे धोरण आहे, ते मात्र महाराजांच्या परंपरेतले.

अमात्य सांगतात ते असे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. पाहा, सरकारचे काम, आरमाराची निकड, तरी मालकाची संमती हवीच!

इंग्रजी अमलात या व्यवहाराला छापील कायदा मिळाला. १८७२ च्या करार कायद्यात मालक आणि मुखत्यार यांचे नाते आखून दिले आहे. दिलेल्या कामापुरताच मुखत्याराचा अधिकार. आपले काम त्याने मुभेवाचून सहसा दुसऱ्यावर सोपवू नये. मालकाने मागितला, की हिशेब द्यावा. वादळात झाड घरावर कलंडले, तर शहाण्या माणसाने आपल्या मालासाठी केले असते ते त्याने करावे. आणि मालक वारला, की सामान्यतः मुखत्यारीही संपली. पुढे १८८२ साली मुखत्यारपत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. झाडांच्या हक्काचे काय? १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर त्याचा हक्क मोठ्या प्रमाणात मानला. पण सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळून.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: झाड मालकाचे असले, तरी त्याची सावली गावाची आहे. १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने साग, आंबा, फणस अशी ठरावीक झाडे तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेणे आवश्यक केले. १९७५ साली शहरांसाठी वेगळा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण दिले. म्हणजे मालकाची सही असली, तरी तेवढ्याने कुऱ्हाड चालवता येत नाही.

यावरून व्यवहाराचे सूत्र निघते. जे आपल्यापाशी नाही, ते दुसऱ्याला देता येत नाही. झाडांचा ठेकेदार आजारपणात किंवा परगावी जाताना आपल्या मुलाला वा कारभाऱ्याला मुखत्यार नेमील. बिले वसूल करणे, मजुरी देणे, कचेरीत अर्ज देणे ही कामे तो करील. पण बागमालकाने ठेकेदाराला फक्त छाटणी सांगितली असेल, तर ठेकेदाराच्या मुखत्याराला बुंध्याला हात लावण्याचा अधिकार कोठून येणार?

म्हणून कागद करताना घाई करू नका. ‘सर्व अधिकार दिले’ असे मोघम लिहू नका. गट नंबर, झाडांची जात आणि संख्या, काम कोणते, मुदत किती, हे लिहा. तोडण्याचा वा विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल, तर तसे स्वच्छ शब्दांत घाला. योग्य मुद्रांकावर, साक्षीदारांसमोर सही करा, आणि अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून घ्या. अधिकार परत घ्यायचा झाला, तर लेखी कळवा; मुखत्यारालाही आणि ज्यांच्याशी तो व्यवहार करतो त्यांनाही. मुखत्यारपत्र हे खरेदीखत नव्हे, हे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या व्यवहारांबाबत ठणकावून सांगितले आहे. तेव्हा असा कागद हाती आला म्हणून जागा आपली झाली, असे कोणी समजू नये.

आजोबांनी लावलेला आंबा नातवाच्या हाती येतो. मधल्या पिढीने केलेली एक मोघम सही तो सकाळच्या प्रहरी आडवा करू शकते. पैसे परत मिळवता येतील, दावाही लावता येईल. पण चाळीस वर्षांचा आंबा कोणत्याही कोर्टाला पुन्हा उभा करता येत नाही. मुखत्यार नेमा, जरूर नेमा. पण त्याच्या हाती किती द्यायचे, ते आधी ठरवा आणि मगच सही करा.